शहर आलं म्हणून गावाचं सोनं होत नाही

पुण्याभोवतीची गावं महापालिकेत घ्यायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. शहर पसरतं तिथे गावाचं सोनं होतं म्हणे: जमिनीला भाव येतो, पोरांना काम मिळतं, सोयी दारात येतात, विरोध करणारे विकासाच्या आड येतात. यातल्या एकेका दाव्याला उत्तर द्यायलाच हवं.

‘जमिनीला भाव येतो.’ येतो, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, आणि एकदाच. मांजरी-फुरसुंगीकडच्या भाजीच्या मळ्यावर मालकाखेरीज खुरपणीला जाणाऱ्या बायका, टेम्पोवाला, खत-औषधांचा दुकानदार असे कितीतरी जण पोट भरतात. खरेदीखत झालं की यांचा रोजगार जातो आणि हाती रुपयाही येत नाही. मालकाच्या घरात तरी सगळ्यांना वाटा मिळतो का? व्यवहार ठरला की लेकींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, हे आपण सगळेच जाणतो. यावर पुण्यातल्या मगरपट्टा सिटी या वसाहतीचं नाव पुढे केलं जातं. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली आणि बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी ती स्वतःच्या कंपनीत ठेवून भागधारक झाली. फायदा टिकला तो जमीन हातची न सोडल्यामुळे. बाकी गावांत असं किती ठिकाणी झालं?

‘पोरांना काम मिळतं.’ कामासोबत भाड्याच्या कमाईचंही नाव घेतलं जातं. खोल्या भाड्याने देऊन काही घरं सावरली, हे मान्य. पण खोल्या बांधायलाही आधी जागा लागते.

‘सोयी दारात येतात.’ हे वाचून मला संताप येतो. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली तेव्हा धायरी, नांदेड, किरकिटवाडी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात मोठ्या संख्येने रुग्ण सापडले. ही गावं खडकवासला धरणाच्या कुशीतली. धरणाचं पाणी शहरात शुद्ध होऊन पोचतं. इथे मात्र विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. या भागासाठी शुद्धीकरण केंद्रच नव्हतं, आणि धायरीला तर महापालिकेत येऊन सात वर्षं झाली होती. इमारतींच्या परवानग्या मात्र या काळात थांबल्या नाहीत. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असं बिल्डरने हमीपत्रात लिहून द्यायचं आणि पुढे टँकरचे पैसे सोसायटीने भरायचे, हेच चालू राहिलं.

‘विरोध करणारे विकासाच्या आड येतात.’ फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला. विहिरींचं पाणी नासलं, आंदोलनं झाली. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत गेली, कर वाढला, पाण्याचे हाल तसेच राहिले. आम्हाला वगळा, ही मागणी गावातूनच पुढे आली. २०२४ मध्ये सरकारने दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. कचरा डेपो मात्र जागचा हललेला नाही.