बरोबरची खूण

आमच्या चिरंजीवांच्या गणिताच्या वहीत बरोबरची खूण क्वचितच दिसते. बहुधा म्हणूनच त्याला ती पायात हवी होती. "बाबा, बूट घेशील तर नाइकीचेच."

शोरूममधली किंमत ऐकून मी तिथला एसी फुकटात खाल्ला आणि बाहेर पडलो. घरी त्याने माझी शिकवणी घेतली. म्हणे, नुसत्या नावालाही किंमत असते. इंटरब्रँड नावाची संस्था दरवर्षी जगातल्या मौल्यवान नावांची यादी काढते. २०१२पर्यंत कोका-कोला पहिली, २०१३ला ॲपलने तिला खाली ढकललं आणि २०२३मध्ये ॲपलच्या नावाची किंमत ५०० अब्ज डॉलरच्या वर गेली. नुसतं नाव! आमचं आडनाव चार पिढ्या जुनं, पण नाक्यावरच्या वाण्याकडे महिनाअखेरीला त्यावर दोन किलो तांदूळसुद्धा मिळत नाहीत.

त्यातून आमच्या घरात ब्रँडला किंमत कधी नव्हतीच. आईच्या जगात टूथपेस्ट नाही, कोलगेट आहे. "कोलगेट संपलंय, या वेळी दुसऱ्या कंपनीचं कोलगेट आण," असं ती बिनदिक्कत सांगते. कोका-कोला १९७७मध्ये देश सोडून गेली आणि १९९३मध्ये परत आली, हे तिला अजून ठाऊक नाही. पाहुण्यांना 'थंडा' मिळत होता, विषय संपला.

नाइकीच्या त्या खुणेची जन्मकथा मात्र मला फार आवडली. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१मध्ये ती काढली आणि तिच्या हातावर ३५ डॉलर टेकवले गेले. (पुढे कंपनीने शेअर दिले, ते वेगळं.) पस्तीस डॉलरची रेघ, तिच्यासाठी मी पगार का घालवू? हा प्रश्न मला बिनतोड वाटला. घरात कुणालाच वाटला नाही.

शेवटी फोर्टचा फुटपाथ गाठला. बावीसशेपासून सुरू झालेला भाव सातशेवर आला. "काका, फर्स्ट कॉपी है. कंपनीवाला भी धोखा खाएगा!"

"मग सेकंड कॉपी कशी असते?"

त्याने माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं.

चिरंजीवांनी बूट उलटेपालटे करून, नाकाला लावून तपासले आणि नाइलाजाने पास केले. तिसऱ्याच दिवशी पाऊस कोसळला. हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून तो घरी आला तेव्हा बूट दोन होते, खूण एकच. उजव्या बुटावरची सुटून परळच्या दिशेने वाहत गेली होती.

"उद्या मी शाळेत जाणार नाही."

रात्री सगळे झोपल्यावर मी हिच्या फॅब्रिक पेंटची बाटली शोधली. जीभ दातांत धरून, बाई वहीत देतात तश्शी, डावीकडून आकडा आणि उजवीकडे वर जाणारी शेपटी अशी झोकदार खूण काढली. पस्तीस डॉलर वाचवले म्हणून स्वतःवर जाम खूश झालो.

सकाळी त्याने दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. डाव्या बुटावर शेपटी टाचेकडे, उजव्यावर चवड्याकडे.

"बाबा, हा बूट रिव्हर्समध्ये चाललाय."

"पण खूण तर बरोबरची आहे ना?"

काही न बोलता त्याने दप्तरातून लाल पेन काढलं आणि माझ्या खुणेवर फुली मारली.