वांग्याला विचारून भरीत होत नसतं

मुलखाचा धनी बदलायची वेळ आली तर सभा तेवढी बोलावू नका. सभेला माणसं येतात आणि आलेली माणसं बोलतात. त्यापेक्षा मळ्यात भरीत ठेवा. आपल्या खानदेशात मोठ्या गोष्टी अशाच ठरतात. हाँगकाँग ब्रिटनच्या हातून चीनकडे गेलं, तेव्हा लंडन आणि बीजिंगवाल्यांनाही ही रीत पाठ होती, फक्त त्यांच्याकडे बामणोदची वांगी नव्हती.

सुरुवात कागदाच्या शंकेनं करा. हाँगकाँगचे गव्हर्नर मॅकलेहोज मार्च १९७९ मध्ये बीजिंगला गेले ते जमिनीच्या भाडेपट्ट्याचं निमित्त घेऊन. ब्रिटनने १८९८ मध्ये चीनकडून हाँगकाँगला लागून असलेला न्यू टेरिटरीजचा भाग ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतला होता, आणि तिथले प्लॉट लोकांना दिले ९९ वर्षांना तीन दिवस कमी. (आपला बटाईदार एवढा काटेकोर कुठला! शेवटची वेचणी झाली तरी खाट हलवत नाही.) चीनचे नेते देंग शियाओपिंग म्हणाले, मुलूख आम्ही परत घेणार, पण गुंतवणूकदारांनी मन निश्चिंत ठेवावं. मॅकलेहोज परतले आणि लोकांना फक्त निश्चिंत राहायचं सांगितलं. हा निम्मा निरोप नीट शिकून घ्या, पुढे जन्मभर कामी येतो.

खाटा दोनच टाका. हाँगकाँग हा बोलण्यांचा तिसरा पाय चालणार नाही, असं चीननं बजावलं होतं. १९८३ मध्ये गव्हर्नर यूड म्हणाले, मी हाँगकाँगच्या लोकांचा प्रतिनिधी. चीननं लगेच सुनावलं, तुम्ही ब्रिटिश शिष्टमंडळातले एक, बस. हाँगकाँगची पन्नास लाखांवर माणसं उभीच राहिली. आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात गाव शहराच्या हद्दीत घ्यायच्या गोष्टी निघाल्या तेव्हा एका तरुण मेंबरनं विचारलं, "भाऊ, गावाला विचारलं का?" उत्तर आलं, "तू पुऱ्या पाय ना भो आधी."

तोवर भरिताकडे लक्ष द्या. कपाशीच्या काड्यांचा जाळ हवा, गॅसवर ती चव नाही. वांगं पार काळं होऊन बसलं, देठाशी पाणी सुटलं की साल काढायची, बडजीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) टाकायचं आणि हिरव्या मिरचीसकट हाणायचं. मिरची किती, यावर मात्र सगळ्यांचं मत घ्या. लोकांना विचारलं नाही असं कुणी म्हणायला नको.

खरं ठरेल ते चिठ्ठीत ठेवा. १९९० मध्ये ब्रिटनचे हर्ड आणि चीनचे छियान छिचेन या परराष्ट्रमंत्र्यांमध्ये पत्रापत्री झाली. विधिमंडळातल्या ६० जागांपैकी लोकांनी थेट किती निवडायच्या? १९९१ ला १८, १९९७ ला २०. मालक लोकांना हे कळलं १९९२ च्या ऑक्टोबरात, पत्रं छापून आली तेव्हा. मधल्या काळात पॅटन नावाचे नवे गव्हर्नर आले आणि मतदान वाढवू म्हणाले. झालं! १७ फेऱ्या बोलणी होऊन हाती शून्य, आणि वर हाँगकाँगचं काम बघणारे चीनचे अधिकारी लू पिंग यांच्याकडून 'हजार वर्षांचा पापी' ही पदवी. म्हणून सांगतो, नवा माणूस आणलाच तर जुन्या चिठ्ठ्या आधी त्याच्या हातात द्या.

आणि बांधावर कुणी अडूनच बसला, तर शेजारच्या मळ्यात पंगत मांडा. चीननं तेच केलं. १९९५ ला निवडून आलेलं विधिमंडळ नको होतं, म्हणून हंगामी मंडळ नेमलं आणि ताबा मिळेपर्यंत हद्दीपलीकडे शेनझेनमध्ये बसवलं. १ जुलै १९९७ उजाडला तेव्हा पानं वाढून तयार होती.

जाताना बडजी धुवायला गावातलीच पोरं ठेवा. तळाला चिकटलेलं भरीत त्यांना द्या, आणि म्हणा, गार झाल्यावर जास्त गोड लागतं.