‘सही केलीत ना, मग कोर्टात काही होत नाही’ हे खरं नाही

“अपॉइंटमेंट लेटरवर सही केली की कंपनी एक महिन्याचा पगार देऊन कुणालाही काढू शकते. गैरहजर राहिलात तर नोकरी आपोआप जाते. रेकॉर्ड कंपनीकडे असतं, म्हणून कोर्टात कामगार हरतोच. फुल अँड फायनल (शेवटच्या हिशेबाचे पैसे) घ्या आणि दुसरी नोकरी शोधा.” अशा अर्थाचा मेसेज सगळीकडे फिरतोय. नोकरी गेल्यावर, डोकं ठिकाणावर नसताना माणूस तो वाचतो आणि हक्काचे पैसे सोडून देतो. म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

आधी सहीचं बघू. पत्रातलं कलम कायद्याच्या वर जात नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घ्या, नाहीतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता घ्या. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची, म्हणजे गैरवर्तन नसताना त्याला कामावरून कमी करायचं, तर कारण सांगणारी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि वर भरपाईही. भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे किमान १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे सहा वर्षं सात महिने काम झालं असेल तर सात वर्षांचे १०५ दिवस. ‘पैसे नंतर खात्यात टाकू’ हे चालत नाही. काढतानाच रक्कम दिली नाही म्हणून अख्खी कपात बेकायदा ठरल्याचे निकाल आहेत.

गैरवर्तनाचा ठपका असेल तर कोर्ट चौकशीचे कागद उघडतं. आरोपपत्र लेखी दिलं का? उत्तराला वेळ दिला का? कंपनीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेऊ दिला का? चौकशी नीट झाली आणि आरोप सिद्ध झाला, तरीही बडतर्फीची शिक्षा त्या चुकीच्या मानाने फार होते का, हे तपासून ती कमी करण्याचा अधिकार कोर्टाला १९७१ पासून आहे. मात्र चौकशीत खोट निघाली म्हणजे केस जिंकली, असं समजू नका. कंपनीला तोच आरोप कोर्टापुढे नव्याने पुराव्यानिशी सिद्ध करण्याची संधी मिळू शकते.

गैरहजेरीचा मुद्दा तर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच निकालात काढला. त्या प्रकरणातल्या कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमावलीत, आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरीवरचा हक्क आपोआप जाईल, असं लिहिलेलं होतं. कामगाराचं म्हणणं होतं की मी रोज येत होतो, गेटवरच अडवत होते. खरं कोण बोलतंय हे विचारायची तसदीही कंपनीने घेतली नव्हती. न्यायालय म्हणालं, पोट भरण्याचं साधन काढून घेताना माणसाचं ऐकून घ्यावंच लागेल. त्याला निम्म्या थकीत पगारासह कामावर परत घेतलं गेलं. नियमातल्या ‘आपोआप’ या शब्दाला घाबरून घरी बसलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

रेकॉर्डबाबत मेसेज अर्धाच खरा आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर सांगितलेलं ‘सलग वर्षभर काम’ झालं असं धरतात. ते दिवस भरले हे दाखवायची जबाबदारी कामगाराचीच, आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. पण शपथेवर साक्ष देऊन कंपनीकडचं मस्टर कोर्टामार्फत मागवता येतं. ते मुद्दाम दडवल्याचं दिसलं तर कोर्ट कंपनीविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारही त्या २४० मध्ये धरले जातात. पगार स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, गेटपास, शिफ्टचे मेसेज हे सगळं जपून ठेवा.

मेसेज खरा ठरतो तो मॅनेजरच्या बाबतीत. व्यवस्थापनाचं काम करणारा, किंवा महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेला सुपरवायझर कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ नाही. खासगी कंपनीतल्या अशा माणसाला दिवाणी न्यायालय सहसा कामावर परत घ्यायला लावत नाही. त्याला मिळते ती फार तर नुकसानभरपाई, तीही बहुतेक वेळा नोटीस काळाच्या पगाराइतकी. ही उणीव मला मनापासून खुपते. पण हुद्दा पाहून हा प्रश्न सुटत नाही. उलटतपासात विचारतात: रजा कोण मंजूर करायचं? कुणाला मेमो दिलात का? दिवसभर स्वतः कोणतं काम करायचात? कार्डावर ‘टीम लीडर’ छापलेला, पण स्वतःच्या रजेसाठीही अर्ज टाकून थांबणारा माणूस कामगार ठरू शकतो.

जिंकल्यावर काय मिळतं, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. काढणं बेकायदा ठरलं तर नोकरी परत आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा ठामपणे मांडला, तोही महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात. त्यासाठी मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती हे आपण शपथेवर सांगावं लागतं. त्यानंतर ते खोटं आहे हे दाखवणं मालकावर येतं. मात्र रोजंदारीवरच्यांना कित्येकदा नोकरीऐवजी ठोक रक्कम देऊनच विषय संपवला जातो.

राहिला फुल अँड फायनलचा सल्ला. पैसे घ्यायला हरकत नाही, पण ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ या ओळीखाली मुकाट सही करू नका. दबावाखाली राजीनामा लिहून घेतला असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा, कारण जबरदस्ती सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते आणि महिन्यांनंतर आठवलेल्या जबरदस्तीवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही. वेळही फार काढू नका. नव्या संहितेनुसार वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) तो हाती घेऊ शकत नाही.