कासारीला कुंभी करणारे दोन सेकंद

वहिनी कागल तालुक्यात तिसरीला शिकवतात. सुट्टीत आम्ही दोघांनी बसून पंचगंगेचा एक धडा केला होता. बारा स्लाइड, वहिनींचा आवाज आणि खाली कॅप्शन. एकेक ओळ ऐकून, मागंपुढं करून मी वेळा लावल्या होत्या. परवा रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप पुढं सरकवला. "भाऊजी, बघा, आता नियमात बसवलंय." बघतो तर धड्यातली प्रत्येक ओळ आवाजाच्या दोन सेकंद आधी येत होती.

नियम कुठला, तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असलेले 'ई-लर्निंग कॅप्शनचे पाच सुवर्णनियम'. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "पाच ग्रुपवर आलाय भाऊजी, सगळेच कसे चुकतील?"

चुकतात की. पाच ग्रुपवर आला म्हणजे पाच जणांनी बोट दाबलं, तपासला कुणीच नाही.

नियम थोडक्यात असे. एक, कॅप्शन आवाजाच्या दोन सेकंद आधी दाखवा, त्यानं मेंदूची तयारी होते. दोन, वेळा जुळवत बसू नका, स्लाइडचं सगळं निवेदन एकदम खाली टाका. तीन, कॅप्शन फक्त कर्णबधिरांसाठी असतं, वर्गात तसं मूल नसेल तर सोडून द्या. चार, यंत्र आपोआप कॅप्शन करतं, तपासायची गरज नाही. पाच, कॅप्शननं मुलांचं लक्ष उडतं हे संशोधनानं सिद्ध झालंय, तेव्हा शक्यतो टाकूच नका.

म्हणजे पहिल्यात कधी दाखवायचं ते सांगायचं आणि पाचव्यात दाखवूच नका म्हणायचं. लिहिणाऱ्यानं आपलाच मेसेज शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.

आता ते दोन सेकंद. आमच्या तिसऱ्या स्लाइडवर जिल्ह्याचा नकाशा आहे. वहिनी म्हणतात, "ही कासारी," आणि बाण कासारीवर येतो. "ही कुंभी," बाण सरकतो. मग तुळशी, मग भोगावती, आणि पुढं प्रयाग चिखलीला पंचगंगा. एकेका नावाला साधारण दोनच सेकंद लागतात. आता कॅप्शन दोन सेकंद आधी आणा. बाण कासारीवर आणि खाली लिहिलंय 'ही कुंभी'. बाण कुंभीवर, खाली 'ही तुळशी'. बाण तुळशीवर, खाली 'ही भोगावती'. सगळ्या नद्या एकेक घर सरकल्या. ज्याला नीट ऐकू येतं ते पोर वैतागेल, पण कानावर भरवसा ठेवून निभावून नेईल. वहिनींच्याच वर्गात एक मुलगी श्रवणयंत्र लावते. तिला थोडं ऐकू येतं, उरलेलं ती खालच्या ओळीवरून भरून काढते. पुढच्या स्लाइडवर 'राधानगरी धरण भोगावतीवर आहे' हे वाक्य आलं की ही पोरगी धरण तुळशीवर नेऊन बांधणार. चाचणीत तिचे मार्क जाणार आणि शेरा पडणार, 'लक्ष देत नाही'. कॅप्शन अजिबात नसतं तर तिनं शेजारणीला तरी विचारलं असतं. समोर छापल्यासारखं लिहिलेलं असताना कोण विचारतंय?

प्रश्नाच्या स्लाइडवर तर हसावं का रडावं कळेना. "पंचगंगा कुठल्या नदीला मिळते?" असं विचारून वहिनी तीन सेकंद थांबतात, मुलांनी आठवावं म्हणून. एका सेकंदात खाली उत्तर हजर: कृष्णेला, नृसिंहवाडीजवळ. मेंदूची तयारी ती हीच असावी.

आवाज संपल्यावर ओळ अर्धा-एक सेकंद रेंगाळली तर चालतं. हळू वाचणाऱ्याला तेवढा आधार होतो. पण ओळ यायची ती आवाजाबरोबरच. हे माझ्या पदरचं नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था वेबसाठीचे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, निकष ठरवते. त्यांच्या २००८च्या आवृत्तीत, म्हणजे २.०मध्ये, कॅप्शनची व्याख्याच अशी आहे: बोलण्यासाठी आणि विषय समजायला लागणाऱ्या इतर आवाजांसाठीही दिलेला, वेळ जुळवलेला पर्यायी मजकूर किंवा दृश्य. वेळ जुळवणं व्याख्येतच बसवलंय. आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन हवं हा निकष १.२.२, आणि तो 'ए' पातळीचा आहे. म्हणजे सगळ्यात खालची पायरी. वेळ चुकलेली ओळ त्या पायरीवरही उभी राहत नाही.

दुसरा नियम याच व्याख्येनं निकालात निघतो. सगळं निवेदन एकदम खाली टाकलं की ते कॅप्शन राहत नाही, ती संहिता होते. संहिता चांगलीच, प्रिंट काढून वहीत चिकटवा. पण नकाशावरचा बाण फिरत असताना नऊ ओळींचा ढीग कुणी वाचत नाही. हा नियम बहुतेक आळसातून आलाय. काही सॉफ्टवेअर स्लाइडखालच्या नोट्समधून कॅप्शन करून देतात आणि वेळा आपल्यावर सोडतात. त्या लावायचा कंटाळा आला की त्याचाच सुवर्णनियम होतो.

खरी अडचण वेगळीच असते. निवेदनातला खोकला कापला की तिथून पुढची प्रत्येक ओळ तेवढीच चुकते. चूक सगळीकडे सारखी असेल तर सबटायटल एडिटसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये सगळ्या ओळी एकदम सरकवता येतात. ती हळूहळू वाढत जात असेल तर फ्रेमच्या वेगात, म्हणजे व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं सरकतात त्यात, गडबड आहे. २३.९७६ आणि २५ फ्रेमचा घोळ झाला की तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो. (आणि कृपा करून डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप करून आणू नका. मजकूर युनिकोडमध्ये आणि फाईल यूटीएफ-८मध्ये हवी, नाहीतर पडद्यावर नुसता किडामुंगीचा बाजार दिसतो.)

तिसरा नियम म्हणतो, फक्त कर्णबधिरांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२मध्ये कॅप्शनचं नाव घेऊन सरकारवर जबाबदारी टाकली आहे, तेव्हा 'तसं मूल नसेल तर' ही भाषा मुळातच लाज आणणारी आहे. पण व्यवहाराचंच बोलायचं तर जुलैत पत्र्याच्या वर्गात बसून बघा. पावसात स्पीकर काय बोलतोय ते बाईंनाही कळत नाही. आणि दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये गाण्याखाली त्याच भाषेत शब्द यायचे, आठवतंय? अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारींनी १९९६च्या सुमारास ती कल्पना काढली, ती ऐकू येणाऱ्या पण अडखळत वाचणाऱ्या माणसांसाठी. गायकाच्या तोंडी शब्द आला की खालचा शब्द रंग बदलायचा. सगळा खेळ जुळलेल्या वेळेचाच होता.

चौथ्यावर शाई घालवत नाही. आपोआप होणारी कॅप्शन उच्चार, बोली आणि मागचा गोंगाट यामुळं चुकू शकतात, तपासून दुरुस्त करा, असं यूट्यूब स्वतःच्या मदतीच्या पानावर सांगतं.

पाचव्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. रिचर्ड मेयर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये प्रयोग छापले. आकाशातली वीज कशी तयार होते याचं ॲनिमेशन आणि निवेदन होतं. तेच शब्द पडद्यावर लिहूनही दाखवले तेव्हा विद्यार्थ्यांना कमी समजलं. डोळे चित्र बघणार की वाचणार, हा प्रश्न खरा आहे. पण हे ऐकू येणाऱ्यांबद्दल, आणि मजकूर सक्तीनं समोर ठेवला तेव्हाचं आहे. क्लोज्ड कॅप्शन बंद करता येतं. कोपऱ्यात बटण असतं त्यासाठी.

धडा पूर्ववत करायला बसलो तर आणखी एक गंमत. पहिली ओळ ०.८ सेकंदाला होती. दोन सेकंद मागं ओढल्यावर ती शून्याच्याही अलीकडं गेली, आणि 'नमस्कार मुलांनो' गायबच. पेन ड्राइव्हवर जुनी फाईल होती म्हणून वाचलो.

"मग ग्रुपवर काय टाकू?" वहिनींनी विचारलं. म्हटलं, ती नकाशाची स्लाइड टाका, दोन सेकंद सरकवलेली, आवाज बंद करून. आणि विचारा, कुंभी कुठली?

त्यांनी रात्रीच टाकली. सकाळपर्यंत चार अंगठे आले होते. त्यांच्या खाली कुणीतरी तेच पाच सुवर्णनियम पुन्हा टाकले होते.