सुलोचना बोलपटामुळे संपली नाही

एक मजकूर गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. त्यात थोडक्यात असं म्हटलेलं असतं : भारतीय सिनेमाची पहिली नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, ही इंग्रज तरुणी. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती पडद्यावर आली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. पण बोलपट आले, तिला हिंदी येत नव्हतं, आणि ती एका रात्रीत संपली. पुढे तिला कुणी विचारलं नाही. सोबत एक फोटो असतो, आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्याच बाईंचा. यातली टेलिफोन ऑपरेटरची नोकरी खरी आहे. उरलेलं एकेक बघू.

'पहिली नायिका' तर ती नव्हेच. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुष नटानं केलं, आणि त्याच वर्षी, १९१३ मध्ये, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. रूबी मायर्सचा पहिला चित्रपट 'वीर बाला' १९२५ चा. मध्ये बारा वर्षं गेली. पहिलेपणाचा मान तिला देताना तो या मायलेकींकडून काढून घेतला जातो, म्हणून ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

ती इंग्रजही नव्हती. जन्म पुण्याचा, १९०७ चा, घराणं बगदादी ज्यू. आडनावावरून लोक इंग्रज ठरवतात, एवढंच.

पगाराचा मुद्दा जास्त लोकप्रिय आहे, कारण ऐकायला तो फार गोड लागतो. तिच्या पगाराचा सर्रास सांगितला जाणारा आकडा महिना ५,००० रुपये. तो जसाच्या तसा खरा धरू. वर्षाचे झाले ६०,०००. आता गव्हर्नर. १९१९ च्या भारत सरकार कायद्यानं मुंबईच्या गव्हर्नरच्या पगाराची कमाल मर्यादा वर्षाला १,२८,००० रुपये ठरवली होती, आणि १९३५ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मुंबईसाठी १,२०,००० रुपये असा आकडा आहे. म्हणजे महिना १०,०००, तिच्या बरोबर दुप्पट, आणि भत्ते वेगळे. ५,००० हा त्या काळच्या नटीसाठी थक्क करणारा पगार होता. तो मोठा वाटावा म्हणून गव्हर्नरला खाली ओढायची काही गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. 'बोलपट आले आणि ती संपली.'

मूकपटात काम कसं चालायचं ते आधी डोळ्यांसमोर आणा. कॅमेरामन हातानं हँडल फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे. एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम), म्हणजे सेकंदाला सोळा. शॉट चालू असताना दिग्दर्शक मोठ्यानं सूचना द्यायचा : आता वळ, आता दचक, आता पत्र फाड. नटी कुठल्याही भाषेत बोलली तरी प्रेक्षकाला दिसायच्या त्या मजकुराच्या पाट्या, एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत. याच पद्धतीत तिनं १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं पोर होतं आणि सोनेरी केसांची युरोपीय बाईही होती.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. तो इंपीरियलचाच, म्हणजे ती जिथे काम करायची त्याच कंपनीचा, आणि नायिका मात्र झुबेदा. अफवेत काही तथ्य असेल तर ते एवढंच. पण झुबेदाही मूकपटांतूनच आलेली होती, हे सांगायचं सगळे विसरतात.

उच्चारांची अडचण खरी होती, आणि तिचं कारण यंत्रात होतं. 'आलम आरा'साठी वापरलेल्या टॅनार या ध्वनिमुद्रण यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी उमटायचे. आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असतो. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर पाऊण सेकंदाहून जास्त अंतर. त्यामुळे चित्र जिथे कापाल तिथे आवाज भलत्याच शब्दावर तुटतो. मागाहून दुसऱ्याचा आवाज घालायची सोय नाही. पार्श्वगायन आलं ते १९३५ मध्ये. म्हणजे संवाद आणि गाणं नटीनंच, तिथेच, लपवलेल्या मायक्रोफोनच्या टप्प्यात राहून म्हणायचं. एक उच्चार घसरला की अख्खा शॉट पुन्हा. दिग्दर्शकाची सूचना बंद. स्टुडिओ रुळांलगत असल्यानं शूटिंग बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर.

अशा वेळी रूबी मायर्सनं काय केलं? सुमारे वर्षभर थांबून ती हिंदुस्थानी शिकली आणि १९३२ मध्ये बोलपट 'माधुरी' घेऊन परतली. १९२८ च्या तिच्याच मूकपटाची ही नवी आवृत्ती. मग १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' (मूकपटात ती 'इंदिरा बी.ए.' होती, मधल्या काळात पदवी वाढली), १९३५ मध्ये 'अनारकली', १९३६ मध्ये 'बंबई की बिल्ली'. आपलेच गाजलेले मूकपट तिनं एकामागून एक स्वतःच्या आवाजात पुन्हा उभे केले. नायक दिनशा बिलिमोरियाबरोबरची जोडी १९३९ पर्यंत चालली. त्याच दशकात तिनं रूबी पिक्स ही स्वतःची संस्थाही काढली. 'एका रात्रीत' म्हणतात ती रात्र किमान सात-आठ वर्षांची निघते. उतरण लागली ती इंपीरियल कंपनी १९३८ मध्ये बंद पडली त्या सुमारास, जेव्हा तिच्यासाठी चित्रपट बेतणारं घरच उरलं नाही.

आणि 'अनारकली'चा एक धागा पुढे जातो. १९२८ मध्ये ग्रेट ईस्टर्न या दुसऱ्या कंपनीचा याच कथेवरचा चित्रपट येण्याआधी इंपीरियलनं घाईनं आपला काढला, त्यात ती अनारकली. १९३५ च्या बोलपटात पुन्हा अनारकली. १९५३ च्या 'अनारकली'त बीना राय नायिका, आणि ही सलीमची आई. पंचवीस वर्षांत एकाच कथेत तीनदा उभी राहिलेली नटी विस्मृतीत गेली असं कसं म्हणायचं? नंतरच्या भूमिका लहान होत्या हे खरं. पण १९७८ च्या 'खट्टा मीठा'पर्यंत ती पडद्यावर दिसते, आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिच्या नावावर आहे. हा मान मिळालेली देविकाराणीनंतरची ती दुसरी स्त्री. ती गेली १९८३ मध्ये, मुंबईत.

राहिला फोटो. कपाळावर पदर घेतलेल्या, सात्त्विक चेहऱ्याच्या ज्या सुलोचना त्यात दिसतात, त्या आपल्या सुलोचनादीदी, म्हणजे सुलोचना लाटकर. त्यांचा जन्मच १९२८ चा, मूक 'अनारकली' आला त्या वर्षीचा. १९९९ ची पद्मश्री आणि २००९ चा महाराष्ट्र भूषण दीदींचे. १९७३ चा फाळके पुरस्कार रूबी मायर्सचा. मजकूर पुढे पाठवणार असाल तर निदान फोटो बदला : आखूड केसांची, रेखीव भुवयांची, थेट कॅमेऱ्यात बघणारी ती रूबी.