एक मिनिटाचा लॅग सरसकट नको
स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमधल्या प्रत्येक डायनॅमिक टेबलाला (क्वेरीचा, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाचा, निकाल साठवून तो आपोआप ताजा ठेवणारं टेबल) एक मिनिटाचा टार्गेट लॅग (निकाल जास्तीत जास्त किती शिळा चालेल ती मर्यादा) द्या, हा मी वाचलेल्या एका लेखातला सल्ला मला पटला नाही. एक मिनिट ही तिथली सर्वात कमी मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

आम्ही महापेत बसून तुर्भ्याच्या गोदामांची आवक-जावक बघतो. सुरुवातीला आम्हीही असंच केलं. मूळ टेबलात सतत नोंदी पडत असल्याने स्नोफ्लेकचं ‘वेअरहाऊस’ (गोदाम नव्हे, क्वेरी चालवणारी संगणकशक्ती; ती चालू असेपर्यंत बिल चढतं) झोपायलाच तयार नाही, आणि महिनाअखेरीचं बिल बघून साहेबांनी थेट मीटिंग लावली. मग मधल्या टेबलांना ‘डाउनस्ट्रीम’ दिलं, म्हणजे पुढच्या टेबलाला गरज पडेल तेव्हाच ती ताजी होतात. फक्त शेवटच्या टेबलाला पंधरा मिनिटं. गोदामातल्या कुणाचंही त्यावाचून अडलं नाही.

आणखी एक, जे लेखात यायलाच हवं होतं: रिफ्रेश मोड (टेबल ताजं करायची पद्धत) ‘ऑटो’ ठेवला तर इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग) की फुल (अख्खं टेबल) हे टेबल तयार होतानाच ठरतं. क्वेरी इन्क्रिमेंटलमध्ये बसली नाही, तर दर वेळी अख्खं टेबल नव्याने बनतं. आमचं एक टेबल कित्येक आठवडे तसंच चालू होतं! टेबल बनवल्याबरोबर ‘शो डायनॅमिक टेबल्स’ ही कमांड चालवा आणि रिफ्रेश मोडचा रकाना बघा. नवीन मुलांना मी हेच आधी शिकवते.