आऊलबेअरवरून पेटलेला वाद

इथे अमेरिकेत शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे भारतात रविवारची सकाळ उजाडलेली असते. त्या वेळी लॅपटॉपवर पाच चौकोनांत पाच ओळखीचे चेहरे येतात आणि आम्ही मराठीतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करणार ते बोलून सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गेल्या महिन्यात मात्र एका रविवारी फासा कुणी हातात घेतलाच नाही. या खेळावर पुन्हा सिनेमा निघाला तर तो कसा असावा, यावरच पूर्ण तीन तास गेले.

वादाची सुरुवात नेहमीच्या जागेवरून झाली. या खेळावरच्या २०२३च्या ‘ऑनर अमंग थीव्ज’ या सिनेमात डोरिक नावाची ड्रुइड, म्हणजे रूप बदलू शकणारी निसर्गपूजक जादूगार, आऊलबेअर होते. घुबडाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेला हा प्राणी आहे. नियमांप्रमाणे ड्रुइडला पशूचं रूप घेता येतं, आणि आऊलबेअर पशूंत मोडत नाही, तो राक्षसी प्राण्यांच्या वर्गात येतो. आमचा डंजन मास्टर याबाबत अजिबात ऐकून घेत नाही. “नियम मोडायचेच असतील तर नाव कशाला घेता?” असं त्याचं म्हणणं. सिनेमाचा नायक एडगिन हा बार्ड, म्हणजे जादू येणारा गवई, असूनही अख्ख्या सिनेमात एकही मंत्र टाकत नाही, हेही त्याला सलतं. दुसऱ्या मैत्रिणीला नियमांचं एवढं नाही, तिला ओळखीचं जग हवंय. आर. ए. साल्व्हटोर यांच्या कादंबऱ्यांचा नायक ड्रिझ्ट पडद्यावर यावा आणि कादंबरीत आहे तसाच यावा, एवढीच तिची इच्छा.

मी दोघांनाही विरोध केला, आणि जरा जोरातच केला. माझ्या डोळ्यांसमोर इथलं टेबल होतं, म्हणजे मी ज्यांच्यासोबत समोरासमोर बसून खेळते तो गट.

मी मिनियापोलिसजवळ राहते. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतच १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ह आर्नेसन मित्रांना जमवून ‘ब्लॅकमूर’ नावाचा आपला खेळ खेळवत असे. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने त्या खेळाला नियमांचं रूप दिलं आणि १९७४मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या हजार पेट्या निघाल्या. त्या हाताने भरल्या होत्या. दर गुरुवारी मी ज्या टेबलावर बसते तिथे एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते १९७९पासून खेळतात. नियमावरून कुणी अडलं की ते म्हणतात, “आम्ही हे वेगळं करायचो,” आणि खेळ पुढे सरकतो. ‘ऑनर अमंग थीव्ज’ पाहायला आम्ही सगळे एकत्र गेलो होतो. आऊलबेअर आला तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. परतताना गाडीत आम्ही फक्त स्मशानातल्या प्रसंगाबद्दल बोलत होतो.

त्या प्रसंगात मेलेल्याशी बोलण्याचा मंत्र वापरून प्रेतं उठवतात. एका प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात, आणि आपसात बोलताना तोंडातून निसटलेले फालतू प्रश्नही त्यात मोजले जातात. पाच प्रश्न संपले की प्रेत पुन्हा निपचित, मग दुसरी कबर खणा. ज्याने एकदा जरी हा खेळ खेळलाय त्याला हे टेबल ओळखू येईल. शब्द नीट न तोलल्यामुळे वाया गेलेला मंत्र आमच्या प्रत्येकाच्या खात्यावर आहे. तसाच चित्रात जादूचं दार लपवून तिजोरीत शिरायचा बेत. एवढी मेहनत करून चित्र तिजोरीत पोचवतात आणि ते पडतं नेमकं पालथं, म्हणजे दार उघडतं ते थेट जमिनीत. असे प्रसंग नियमांच्या पुस्तकात नसतात. चार माणसं एकत्र बसून बेत आखतात आणि तो कोसळतो, तेव्हा ते घडतात.

सिनेमाची खरी अडचण इथेच आहे, असं मला वाटतं. टेबलावर पुढे काय होणार हे डंजन मास्टरलाही ठाऊक नसतं. सिनेमात सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं आणि प्रेक्षकालाही ते माहीत असतं. फासा पडद्यावर दाखवून उपयोग नाही, कारण तो पडणार तिथेच पडणार. मग अनिश्चितता आणायची कुठून? गोल्डस्टीन आणि डेली या दिग्दर्शकांनी ती पात्रांच्या बेतांतून आणली. एक बेत फसला की दुसरा आखायचा, हेच एडगिनचं काम. तो मंत्र टाकत नाही याचं म्हणूनच मला वाईट वाटत नाही. याच खेळावरच्या २०००च्या सिनेमात हे नव्हतं. त्याचा दिग्दर्शक कोर्टनी सॉलोमनने विशीत या खेळाचे हक्क मिळवले होते, सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च झाले, जेरेमी आयर्न्ससारखा नट होता, ड्रॅगनही भरपूर होते. पण त्यातली पात्रं कथानक नेईल तिकडे जातात, कुणी थांबून काही ठरवताना दिसत नाही. लावलेला खर्चही त्या सिनेमाने परत मिळवला नाही.

हे सगळं मी मित्रांना ऐकवलं. डंजन मास्टर शांतपणे म्हणाला, “तुझ्या टेबलावर पंचेचाळीस वर्षं खेळलेला माणूस बसतो. आमच्याकडे पुस्तक सोडून कोण आहे?”

या वाक्याने मला थांबवलं, आणि अजूनही ते मनातून जात नाही. इथे खेळ माणसांकडून माणसांकडे आला, त्यामुळे नियम सैल झाले तरी खेळ हलत नाही. तिकडे तो छापील मजकुरातून आला. विचारायला आधी खेळलेलं कुणी नव्हतं. शंका आली की पुस्तकच उघडायचं, आणि पुस्तक म्हणेल तेच खरं. ज्यांनी एकेक परिच्छेद स्वतः लावून, आपसात भांडून हा खेळ शिकला, त्यांना आऊलबेअर खुपणारच. मी त्याला किरकिर म्हटलं होतं. ते चुकलं माझं, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

आणखी एका बाबतीत मी त्यांना कमी लेखलं होतं. जानेवारी २०२३मध्ये, सिनेमा यायच्या जेमतेम तीन महिने आधी, या खेळाच्या खुल्या परवान्याचा नवा मसुदा फुटला. त्या परवान्याच्या आधारावर जगभरातल्या लहान लेखकांनी २० वर्षांहून जास्त काळ आपापली साहसं छापली होती, आणि नव्या मसुद्यात अटी आवळल्या होत्या. चाहते भडकले, सिनेमावर बहिष्कार घालायची भाषा झाली. माझ्या गुरुवारच्या टेबलावर हा विषय निघालाही नाही. तिकडे मात्र दोन रविवार दुसरं काही बोलणंच नव्हतं, कारण मैत्रिणीने मूळ नियमांचा मराठी अनुवाद सुरू केला होता आणि तो कुणाला दाखवता येईल की नाही हेच कळेना. महिना संपता संपता खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांसाठीच्या परवान्याखाली खुला केला. आता श्रेय देऊन त्याचा अनुवाद कुणीही छापू शकतो. तेव्हा मी म्हणाले होते, “परवान्याचं सोडा, सिनेमा बघा.” खेळाच्या माहेरघरात बसून असं म्हणणं सोपं होतं.

सिनेमा त्यांनी पाहिला. मैत्रिणीने आईला बरोबर नेलं. आईला वाटायचं की मुलगी दर रविवारी कॉम्प्युटरवर मीटिंगला बसते. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “तुम्ही असं खेळता?” मैत्रीण हे सांगताना रडली. म्हणून या वादात मी आता एक मुद्दा मान्य करते. मला इथे सिनेमाची गरज नाही, माझं टेबल गुरुवारी लागतंच. जिथे हा खेळ म्हणजे काय हे दर वेळी समजावून द्यावं लागतं, तिथे एक चांगला सिनेमा अर्धं काम करतो. त्यांच्या अपेक्षा माझ्यापेक्षा कडक आहेत, कारण त्यांना सिनेमाचं काम जास्त आहे.

तरीही ड्रिझ्टचा हट्ट मला पटत नाही. या खेळातून पडद्यावर गेलेल्या ज्या गोष्टी मनात टिकल्या त्यांच्या मुळाशी एखादं खरं टेबल होतं. जपानमध्ये १९८६पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात एका गटाच्या खेळाचा संवादरूप वृत्तांत येत असे. त्यातून ‘लोडोस’च्या कादंबऱ्या आल्या आणि १९९०मध्ये ॲनिमेशन मालिका. ‘क्रिटिकल रोल’ हा इंटरनेटवरचा कार्यक्रम म्हणजे मूळचा आवाजाच्या कलाकारांचा घरगुती खेळ. २०१९मध्ये त्यांनी ॲनिमेशनसाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, आणि जमले एक कोटी तेरा लाखांहून जास्त. २०२२मध्ये ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स मशिना’ ही त्यांची मालिका आली. उलट ‘ऑनर अमंग थीव्ज’ चांगला असूनही, सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून त्याने जगभरातून २० कोटींच्या थोडं वर तिकीटविक्री केली. थिएटरांचा वाटा वजा केला की हाती फारसं उरत नाही. पुढचा सिनेमा काढणाऱ्यांकडून माझी अपेक्षा आहे ती अशी: लेखकांनी आधी वर्षभर एकत्र बसून खेळावं. पात्रं मरू द्यावीत, बेत फसू द्यावेत, मग लिहायला घ्यावं. आऊलबेअर पशू आहे की नाही हे त्या टेबलाने ठरवावं. माझ्या मित्राला निकाल मान्य नसला, तरी तो कुणीतरी भांडून ठरवलाय हे त्याला दिसेल.

लोडोसचं मी सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने एक फाइल पाठवली. आमच्या मोहिमेच्या रेकॉर्डिंगवरून तिने पहिली दोन सेशन उतरवून काढली आहेत, मराठीत, कोण काय म्हणालं त्यासकट. पुलावरचा प्रसंग आला तिथे तिने कंसात लिहिलंय: ‘सगळे गप्प. फासा कॉटखाली गेला. शोधतोय.’ डंजन मास्टरचं म्हणणं, हा कंस काढून टाकू. मी म्हणते, राहू दे. रविवारी त्यावर बोलायचं ठरलंय.